शनिवारी काही नसते

ईस्टरच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणे आटोपल्यावर, माझी भाची वसईच्या घराच्या ओटीवर चर्चमधून आलेले पत्रक वाचत बसली होती. पवित्र सप्ताहातल्या विधींच्या वेळा त्यावर छापलेल्या होत्या: झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक, गुरुवारी संध्याकाळचा प्रभुभोजनाचा विधी आणि त्यातले पाय धुणे, शुक्रवारी सकाळी क्रुसाची वाट, दुपारी तीन वाजता क्रुसाचे चुंबन, आणि मग एकदम शनिवारी रात्रीचे जागरण. तिचे बोट शुक्रवार दुपार आणि शनिवार रात्र यांच्या मधल्या कोऱ्या जागेवर थांबले. तिने विचारले, "आत्या, आज दिवसभर काय असतं?" मी मार्झिपानसाठी काजूचा गोळा मळत होते. हात न थांबवता मी म्हटले, "दिवसभर काही नसतं. रात्री चर्चला जायचं." तिला तेवढे उत्तर पुरले. पत्रक घडी करून ती उठून गेली.

मला मात्र ते उत्तर दिवसभर टोचत राहिले. ते खोटे नव्हते. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, नसतो, वेदीवर वस्त्र नसते, फूल नसते, घंटा नसते. परंतु ज्या घरात मी वाढले त्या घरात या 'काही नसण्या'ची जेवढी तयारी होत असे तेवढी नाताळचीही होत नसे, आणि लहानपणच्या ईस्टरचे मला जे काही आठवते त्यातला मोठा भाग त्या कोऱ्या दिवसाचाच आहे. रविवारचे नवे कपडे, मिठाई, पाहुणे हे सारे आठवते, पण ते सगळ्या सणांत मिसळून गेले आहे. शनिवार कशातही मिसळलेला नाही.

तयारी विहिरीपासून सुरू होई. आमच्या वाडीत पंप बसण्यापूर्वी पाणी दोराने शेंदावे लागे, आणि विहिरीवरची लोखंडी कप्पी अशी करकरत असे की पलीकडच्या आळीतही आमच्याकडे पाणी भरणे चालू आहे हे कळावे. आज्ञा गुरुवारी दुपारी आजी वाटीत खोबरेल तेल आणि कोंबडीचे एक पीस घेऊन मला विहिरीवर नेई. कठड्याला पोट टेकवून मी वाकायचे, तिने मागून माझ्या फ्रॉकचा पट्टा घट्ट धरायचा, आणि पिसाने कप्पीच्या आसात थेंब थेंब तेल सोडायचे. खालून थंड, शेवाळाचा वास असलेली हवा तोंडावर येई. मग झोपाळ्याच्या कड्या, दारांच्या बिजागऱ्या, माजघरातल्या फडताळाची कडी यांचा नंबर लागे. उखळ पालथे घातले जाई. वरवंटा पाट्यावरून उचलून कोपऱ्यात ठेवला जाई. मार्च-एप्रिलचे दिवस म्हणजे वर्षाचा मसाला करण्याचे दिवस. अंगणात मिरच्या, धणे, हळकुंडे वाळत पडलेली, भाजलेल्या मिरचीच्या खकाण्याने शेजाऱ्यांनाही ठसका लागलेला, आणि मसाला कुटणाऱ्या बायांच्या मुसळांचा ठेका एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गेलेला. गुरुवारी संध्याकाळी तो ठेका थांबे आणि रविवार उलटल्याशिवाय पुन्हा सुरू होत नसे. खिळा ठोकणे तर अजिबातच वर्ज्य होते. त्याचे कारण आम्हां मुलांना कोणी सांगावे लागत नसे.

गुरुवारी संध्याकाळी ग्लोरिया या स्तुतिगीताच्या वेळी चर्चची मोठी घंटा आणि वेदीसेवक मुलांच्या हातांतल्या लहान घंटा एकत्र वाजत, खूप वेळ वाजत, आणि त्यानंतर शनिवारी रात्रीच्या ग्लोरियापर्यंत मुक्या होत. त्यांच्या जागी लाकडी खटखटा येई. आमच्या चर्चमधला खटखटा फणसाच्या लाकडाचा होता: एक जाड फळी, तिला खालच्या बाजूस मूठ, आणि दोन्ही अंगांना बिजागरीवर बसवलेले ठोकळे. मूठ धरून फळी हलवली की ठोकळे आळीपाळीने आपटत. माझा भाऊ वेदीसेवक होता, म्हणून शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमारास तो वाजवत आळीआळीतून फिरण्याचे काम एके वर्षी त्याच्याकडे आले आणि मी त्याच्यामागे अनवाणी धावले. घंटेचा नाद वाजून झाल्यावरही हवेत राहतो. फणसाच्या फळीचा आवाज जिथल्या तिथे मरतो. त्यामुळे प्रत्येक वळणावर तो पुन्हा नव्याने वाजवावा लागे. घरांची दारे उघडत, लाल लुगडे नेसलेल्या म्हाताऱ्या बायका डोक्यावर पांढरी ओढणी घेऊन बाहेर पडत, काही न बोलता रस्त्याला लागत. उन्हाने डांबर मऊ झालेले असे. चर्चच्या आवारातल्या चाफ्याला त्या दिवसांत पाने नसत, नुसती फुले असत.

शुक्रवारबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण त्याचे वर्णन सगळे करतात. दिवसभर पेज, सोबत मीठ आणि कैरीची फोड; जांभळ्या कापडाखाली झाकलेले संतांचे पुतळे; क्रुसावरच्या येशूच्या पायांचे चुंबन घेण्यासाठी लागलेली लांब रांग आणि ओठांना जाणवलेला, पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेला तो थंड धातू. एवढे पुरे.

शनिवारी सकाळी उठल्यावर प्रथम जाणवे ते हे की आपण कुजबुजत बोलत आहोत. कोणी तसे सांगितलेले नसे. रेडिओवर कापड टाकलेले असे. आजोबा ओटीवर बसून झावळीच्या पाती सोलत, त्यांचे लहान क्रूस विणत आणि ते कोणाला द्यायचे हे ठरवत. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झालेल्या त्या पाती वर्षभर देवाच्या तसबिरीमागे खोचलेल्या राहत, वाळून पिवळ्या पडत, आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या आरंभी, आपल्या कपाळावर लागणारी राख अशाच जुन्या पातींची असते हे मला त्यांनीच सांगितले. त्यांच्या हातांची हालचाल, मागच्या दारी कोंबड्यांचे खुरडणे, माडांवरून येणारा वारा, आणि पश्चिमेकडून मधूनच येणारा, वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. ज्या वाडीत रोज सकाळी पाटाचे पाणी, बैलांच्या गळ्यातली घुंगरे, भाजीच्या टोपल्या घेऊन दादरची गाडी गाठायला निघालेल्या बायकांची घाई असे, तिथे त्या दिवशी एवढेच ऐकू येई, आणि ऐकू येई म्हणूनच आम्हांला ते पहिल्यांदा कळे की हेही आवाज रोजच इथे असतात.

दहाच्या सुमारास आजी उठे. काही न बोलता विहिरीवर जाई, अर्धी बादली पाणी काढी, पदर बाजूला करून डोळ्यांवर, कपाळावर, मानेवर पाणी मारी, आणि तोंड न पुसता तशीच सूर्याकडे बघत उभी राही. नंतर मला जवळ बोलावून माझेही तोंड धुई. तिचे हात खरखरीत होते आणि त्या वेळी त्यांना लसणाचा वास असे. "कशाला गं आजी?" असे मी विचारले की ती म्हणे, "ही वेळ आहे." कसली वेळ, ते ती सांगत नसे, मला वाटते तिच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखे काही नव्हतेच.

पुष्कळ वर्षांनी एका वयस्क फादरांशी बोलताना मला त्या वेळेचा उलगडा झाला. पुनरुत्थानाचा जागरणविधी पूर्वी रात्री होत नसे. शनिवारी सकाळीच होत असे, आणि त्यातल्या ग्लोरियाला भर उजेडात घंटा वाजत. पोप पायस बारावे यांनी १९५१ साली तो रात्री करण्याची परवानगी दिली आणि १९५५ च्या आदेशाने, १९५६ पासून, तो सगळीकडे रात्रीचा झाला. आजीचे सारे बालपण आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षे सकाळच्या घंटांची होती. घंटा वाजली की तिच्या माहेरी सगळी पोरे विहिरीकडे पळत आणि डोळे धूत. पुढे रोममध्ये वेळ बदलली, लॅटिन जाऊन मराठी प्रार्थना आल्या, तिने त्या बदलांना कधी विरोध केला नाही, मराठी गीते तर ती मोठ्या हौसेने म्हणे. पण शनिवारी सकाळी दहा वाजता, एकही घंटा वाजत नसताना, तिला ती ऐकू येत राहिली. मी लहानपणी जिला निव्वळ शांतता समजत होते, तिच्या आत एका माणसासाठी तरी घंटा वाजत होती, हे कळल्यापासून मला त्या दिवसाकडे रिकामा म्हणून पाहता येत नाही.

वसईच्या माणसाला घंटांविषयी बोलताना १७३९ ची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यानंतर इथल्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत गेल्या. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालची घंटा आहे. तिच्या नावाने तर सबंध महाराष्ट्रात मोठ्या आवाजाच्या माणसाला ओळखतात. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर १७०७ सालची घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया कोरलेली आहे. एका उन्हाळ्यात पप्पांनी आम्हां सर्वांना पाचगणीला नेले तेव्हा वाटेत मेणवलीला थांबवले. घाटावर कृष्णेचे पाणी कमी होते, बायका धुणे धूत होत्या. आजीने चपला काढल्या आणि घंटेच्या तापलेल्या अंगावर हात ठेवून ती मारियेची आकृती बराच वेळ चाचपत राहिली. पप्पांना वाटले, हिला वाईट वाटले असेल. ते इतिहास सांगू लागले. आजीच्या मनात काही वेगळेच होते. ती म्हणाली, "किती वर्षं झाली, हिला गुरुवार-शुक्रवारी कोणी गप्प बसवलं नसेल. दमली असेल." मग तिने पदराने घंटेवरची धूळ पुसली आणि देवळातल्या देवाला हात जोडून आम्ही निघालो. त्या वाक्यात तक्रार नव्हती, याची मला आजही खात्री आहे. तिच्या समजुतीत घंटेलाही विसावा लागतो, आणि तो देणे हे माणसांचे काम असते.

आता शनिवारच्या स्वयंपाकघराविषयी लिहायला हवे, कारण दिवसाचा खरा भार तिथे होता.

ईस्टरचे इंद्याल, म्हणजे शिरक्यातले (व्हिनेगरमधले) डुकराचे मटण, शनिवारीच शिजत असे, कारण मुरल्याशिवाय त्याला चव येत नाही. लाल मिरच्या, जिरे, लसूण, आले, दालचिनी गुरुवारी सकाळीच शिरक्यात वाटून ठेवलेले असत, कारण नंतर वाटायची सोय नव्हती. शनिवारी दुपारी मोठे पातेले चुलीवर चढे आणि चाळीस दिवस डाळ, वाल, पालेभाजी आणि कैरी घातलेली सुकट यांवर राहिलेल्या घरात डुकराच्या चरबीचा, आंबट शिरक्याचा आणि लसणाचा वास भरू लागे. आमच्या घराचा नियम असा होता की रात्रीचा मिस्सा होईपर्यंत त्यातले कोणी चाखायचे नाही. मीठसुद्धा नाही. आजी झाकण काढून पातेल्यावर वाकत असे, डोळे मिटून वास घेत असे आणि सांगत असे, "चिमूटभर अजून." आईला हे कधी जमले नाही, तिचे मीठ मोजून असे. पण आजीचा अंदाज चुकल्याचे मला आठवत नाही. बाजूला परातीत फुग्यांचे, म्हणजे तळलेल्या फुगीर गोळ्यांचे, पीठ भिजवलेले असे: मैदा, अंडी, नारळाचे दूध, आणि फुगायला ताडी. आजोबांनी राखेच्या बुधवारपासून ताडी सोडलेली असे, आणि पिठासाठी ताडीचे मडके घरात येताना ते उठून वाडीत फेरी मारायला जात. ओल्या फडक्याखाली पीठ वर चढत राही, आम्ही फडके किंचित उचलून बघत असू, बुडबुडे फुटतानाचा तो बारीक सुस्कारा ऐकत असू.

भूक आणि वास यांच्या मध्ये घालवलेली ती दुपार फार लांब असे. आज विचार करते तेव्हा वाटते की ईस्टरच्या आनंदाची माझ्या मनातली सगळी घडण त्या दुपारीच झाली. उद्या मिळणार आहे हे ठाऊक असलेले, डोळ्यांसमोर शिजत असलेले, हाताच्या अंतरावर असलेले काही न घेता बसायला आम्हांला कोणी शिकवले असेल तर त्या स्वयंपाकघराने. आणि ते बसणे एकटीचे नव्हते. सगळी आळी बसलेली होती.

पण मला हेही लिहायलाच हवे की सगळे बसलेले नव्हते. पुरुष बसत, मुले बसत, आजी वयाच्या मानाने बसू शकत असे. आई पहाटे चारला उठलेली असे. शांततेचा दिवस म्हणजे तिच्यासाठी सगळी कामे आवाज न करता करण्याचा दिवस होता. भांडी आपटायची नाहीत, बादली सांडायची नाही, चुलीत लाकूड फोडून घालायचे नाही म्हणून ते आधीच फोडून ठेवायचे. मांडी घालून बसून ती काजूच्या गोळ्याची अंडी वळे, लाकडी साच्यात दाबून दोन अर्धी काढी, जोडी, आणि तिच्या पाठीतून कळ गेली की ओठ आवळून घेई, कारण त्या दिवशी 'आई गं' असेही मोठ्याने म्हणायचे नसते. लहानपणी मला त्या दिवसाचे जे पावित्र्य वाटे त्यात तिच्या श्रमांचा वाटा केवढा होता हे मला स्वतःचे घर सांभाळू लागल्यावर कळले. म्हणून आज शनिवारी सकाळी वसई स्टेशनजवळच्या बाजारात केकच्या दुकानांपुढे रांगा दिसतात, फुगे ऑर्डर देऊन येतात, चॉकलेटची अंडी चंदेरी कागदात मिळतात, तेव्हा मी ते सगळे हिरमुसून पाहत नाही. कितीतरी बायकांच्या पाठीची कळ त्यात वाचली आहे. तरीही बाजाराच्या त्या गजबजाटातून घरी येताना मला काहीतरी हरवल्यासारखे वाटतेच, आणि या दोन भावनांपैकी एकीला खोटी ठरवणे मला जमत नाही.

शनिवारच्या रात्रीचा चंद्र आम्हांला दर वर्षी वेगळा दिसे. वसंतातल्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी ईस्टर येतो, म्हणजे २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कधीही. कधी चंद्र नुकताच पूर्ण होऊन गेलेला असतो, कधी मध्यरात्रीच्या सुमारास अर्धा उगवतो. पण पवित्र सप्ताहाच्या मागेपुढे पौर्णिमा असतेच, आणि समुद्रकाठच्या माणसाला पौर्णिमा म्हणजे उधाण. आजोबा आम्हांला सांगत की या आठवड्यात भरती मिठागरांच्या बांधाला लागते आणि ओहोटी दूरवर जाते. एकदा त्यांनी राजोडीच्या किनाऱ्यावर नेऊन ती ओहोटी दाखवली. ओल्या वाळूवर चालत गेले तरी पाणी पुढेच सरकत होते. त्यामुळे जागरणाच्या विधीत मोशेने तांबडा समुद्र दुभंगल्याचे वाचन सुरू झाले की माझ्यासमोर राजोडीचाच समुद्र येई आणि इस्राएलचे लोक आमच्यासारखेच चपला हातात घेऊन, खेकड्यांची बिळे चुकवत पलीकडे जात.

त्या रात्री चर्चबाहेर अंधारात नारळाच्या करवंट्यांचा नवा अग्नी पेटवला जाई. मोठ्या पास्काच्या मेणबत्तीवर फादर त्या वर्षाचे चार आकडे आणि क्रूस कोरत, धुपाचे पाच खडे बसवत, आणि ती एकच ज्योत काळ्याकुट्ट चर्चमध्ये शिरे. "ख्रिस्ताचा प्रकाश" या घोषाला सगळे मराठीत उत्तर देत. आजी हळूच जुन्या लॅटिनमध्ये "देओ ग्रात्सियास" (देवाचे आभार) म्हणे. एका मेणबत्तीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असे करत उजेड आमच्या बाकापर्यंत येई, वितळलेले मेण बोटांच्या पेरांवर पडे आणि आम्ही ते सोलून परत मऊ करून खेळत असू. जुन्या करारातली सात वाचने होत. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत लहान भावंडे आईच्या मांडीवर झोपलेली असत. आणि मग ग्लोरिया. दिवे लागत, जांभळी कापडे ओढली जात, गुरुवारपासून मुकी असलेली घंटा आमच्या डोक्यावर वाजायला लागे, आणि झोपलेली पोरे दचकून रडत उठत. त्या घंटेचा दोर ओढण्यासाठी आळीतले तरणे मुलगे आधीपासून जिन्यात दाटीवाटीने उभे असत. आजूबाजूच्या गावांच्या घंटाही थोड्या मागेपुढे सुरू होत, आणि त्या सगळ्यांचे आवाज माडांवरून एकमेकांत येऊन मिसळत. हालेलुया हा शब्द चाळीस दिवस आमच्या गाण्यांत नसे. तो पहिल्यांदा म्हणताना आवाज चिरकत असे, कारण घसे कोरडे पडलेले असत.

ही शांतता केवळ आमची नव्हती, हे मला २००८ साली नीट दिसले. त्या वर्षी ईस्टर २३ मार्चला आला. इतक्या लवकर तो त्यापूर्वी १९१३ साली आला होता आणि यानंतर २१६० सालापर्यंत येणार नाही. गुड फ्रायडे आणि होळी पौर्णिमा एकाच दिवशी, २१ मार्चला. आमच्या वाडीच्या सीमेला लागून ज्यांची घरे आहेत त्या शेजाऱ्यांची होळी आमच्या ओटीवरून दिसते. पप्पांनी कोणाला काही म्हटले नव्हते, म्हणण्यासारखे ते नव्हतेच. ज्याचा सण त्याने करावा. संध्याकाळी आम्ही चर्चमधून परत आलो तेव्हा होळी रचलेली होती. अंधार पडल्यावर ती पेटली, नारळ अर्पण झाला, पोळीचा नैवेद्य दाखवला गेला, प्रदक्षिणा झाल्या. बोंब मात्र कोणी मारली नाही. एका लहान मुलाने सवयीने हात तोंडाशी नेला, तेव्हा त्याच्या आजोबांनी तो हळूच खाली घेतला, हे मी ओटीवरच्या अंधारातून पाहिले. दुसऱ्या दिवशी धुळवडही आळीच्या दुसऱ्या टोकाला झाली. रविवारी त्याच घरातली मुले आमच्या दारात फुगे खायला आली तेव्हा त्यांच्या कानामागे गुलाबी रंग राहिलेला होता.

२०२० साली चर्चची दारे बंद होती. आम्ही जागरणाचा विधी मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. रस्त्यावर कोणी नव्हते, आकाशात विमान नव्हते, आणि तरीही ती शनिवारची शांतता नव्हती. ती कोणीतरी लादलेली होती. आमच्या घरातली शांतता आम्ही कप्पीला तेल घालून, आपल्या हातांनी तयार करत असू. हा फरक मला त्या वर्षापूर्वी शब्दांत सांगता आला नसता. पुन्हा भाचीने विचारले तर मी तिला यातलेच काही सांगेन. पंपाच्या बटणाला तेल घालता येत नाही हे खरे, पण एक दिवस फोन फडताळात ठेवता येतो, आणि शिजणाऱ्या पातेल्यावर वाकून मिठाचा वास घ्यायला तिला मी शिकवू शकते, जरी मला स्वतःला तो अजून नीट येत नसला तरी.

आजी गेली ती गणपतीच्या दिवसांत. त्यानंतरचा पहिला ईस्टर आला तेव्हा आमच्या घरी सुतक संपून महिने झाले होते, पण वर्षाच्या आत दुःखाच्या घरात सणाचे तळण होत नाही. गुरुवारी शिरक्यात मसाला वाटला गेला नाही. ताडीचे मडके आले नाही. कप्पी काढून पंप बसवलेला होता, त्यामुळे विहिरीवरही काही काम नव्हते. शनिवारी आई दुपारभर ओटीवरच्या खुर्चीत बसून होती. तिला असे बसलेले मी आयुष्यात पाहिले नव्हते. तिचे हात मांडीवर होते आणि मधूनच ते काहीतरी वळत असल्यासारखे हलत. तिला शेवटी विसाव्याचा शनिवार मिळाला होता आणि तो तिला सोसवत नव्हता. दहा वाजता मी तोंड धुवायला मोरीत गेले, तर ती आधीच तिथे होती, ओल्या चेहऱ्याने.

रविवारी सकाळी मिस्साहून आलो आणि दारावर ताटे यायला लागली. आळीतल्या प्रत्येक घरातून एक. इंद्याल, फुगे, सरपोतेल, मार्झिपानची अंडी, कोणाच्या रुमालात बांधलेल्या सान्ना. वाडीपलीकडच्या शेजाऱ्यांकडून पुरणपोळ्या आल्या, कारण त्यांनाही आमच्या घरात काही तळलेले नाही हे ठाऊक होते. ओटीवरची टेबले भरली, मग पाटावर ठेवले, मग पाटही संपले. आई प्रत्येक ताट घेताना कोणाचे कुठले ते लक्षात ठेवत होती, आणि बारा वाजता ती एकदम उठली. दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नसते, आणि घरात तर चिमूटभर गोड केलेले नव्हते. माळ्यावर आजोबांनी मागच्या वर्षी वाळवलेली राजेळीची सुकेळी केळीच्या सोपटात बांधून ठेवलेली होती. आईने शिडी मागवली, स्वतः वर चढली, पुडे खाली टाकले आणि आम्हां भावंडांना हाका मारून कामाला लावले. प्रत्येक ताट घासायचे, पुसायचे, त्यात चार-चार सुकेळी ठेवायची, आणि ज्याचे त्याला नेऊन द्यायचे. भाऊ गासच्या रस्त्याकडची घरे घेऊन निघाला, मी वाडीपलीकडची घेतली, आणि आई ओटीवर उभी राहून मोठ्याने ओरडून सांगत होती की फुलांच्या नक्षीचे ताट कोपऱ्यावरच्या मावशींचे आहे, पितळेचे दुसऱ्या घरचे, अदलाबदल करू नका.